गच्चीवरच्या उन्हाचा तुलनात्मक तक्ता

४ मार्च, मंगळवार

निवृत्त होताना ऑफिसने ही डायरी दिली. आमच्याच खरेदी विभागाने घेतली असणार, कारण कागद इतका पातळ आहे की या पानावरचं लिखाण मागच्या पानावरून वाचता येतं. तीन दुकानांतून भाव मागवायचे आणि सगळ्यांत स्वस्त ते घ्यायचं, हा नियम मी स्वतः एकतीस वर्षं पाळला. तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पेरलं ते उगवलं.

आज विजेचं बिल आलं. तीनशे नव्वद युनिट, तीन हजार एकशे वीस. नोकरीत असताना बिल बायको भरायची, मला आकडाही कळायचा नाही. आता मी घरी आहे. यापुढे घरातली एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटणार नाही, असं मी जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, "बरं."

बिलात मोठा वाटा ओव्हनचा. आठ वर्षांपूर्वी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा बायकोने एका बंद पडलेल्या कॅन्टीनमधून हा जुना, कपाटाएवढा ओव्हन आणला आणि मागच्या खोलीत ठेवला. तेव्हापासून ती ब्रेड करते. रोज दहा-बारा ब्रेड, आठवड्यातून तीनदा बन, गिऱ्हाइकं आसपासची आणि ठरलेली. मी याला तिचा छंद म्हणायचो.

कोपऱ्यावरच्या दंतवैद्याने गच्चीवर सौर पॅनेल लावलेत. बिल जवळजवळ शून्य येतं म्हणे. आपणही विचार करायला हरकत नाही. पण घाई नको. घाईत घेतलेला निर्णय आणि सेलमध्ये घेतलेला बूट, दोन्ही चावतात.

९ मार्च, रविवार

रजिस्टर सुरू केलं. तारीख, वेळ, मीटरचा आकडा, फरक, शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवला. एकतीस वर्षांचा अनुभव सांगतो, खरी गोष्ट शेऱ्यातच असते, बाकीचे रकाने शोभेचे.

मीटर जिन्याखाली आहे. दर तासाला वाकून बघावा लागतो, त्यामुळे व्यायामही होतो. आज एक महत्त्वाचा शोध लागला. ओव्हन तापायला पंचवीस मिनिटं लागतात आणि बायको तो पीठ पुरतं फुगायच्या आधीच लावून ठेवते. म्हणजे दहा-बारा मिनिटांची वीज फुकट. चहाच्या वेळी हे तिला सांगितलं.

"पीठ कधी फुगेल ते पीठ ठरवतं," ती म्हणाली. "ओव्हन गार असला तर ते बसतं."

"अंदाज घे ना."

"बरं. उद्यापासून उशिरा लावेन."

मोजलं की सुधारणा होते, हे पुन्हा सिद्ध झालं. शेऱ्यात लिहिलं: सांगितले.

१७ मार्च, सोमवार

पहिला पॅनेलवाला येऊन गेला. भर उन्हात गच्चीवर टाय लावून आला होता, म्हणून त्याचं नाव टायवाला. दक्षिण कुठे, टाकीची सावली कुठवर, सगळं मोजलं आणि आकडा सांगितला: तीन किलोवॅट, एक लाख नव्वद हजार. आमच्या आजच्या बिलाच्या हिशोबाने पाच वर्षं एक महिन्यात पैसे वसूल. पुढची वीस वर्षं ऊन फुकट.

मग त्याने विचारलं, "दिवसा घरात काय काय चालतं?" मी रजिस्टर काढेपर्यंत तो वासाच्या मागावर थेट मागच्या खोलीत पोचला.

"मावशी, ओव्हन किती वाजता लावता?"

"दहा ते बारा. मग तीन ते पाच."

"अहो, मग झालंच की! बरोबर उन्हाच्या वेळा. वरचं ऊन सरळ तुमच्या ब्रेडमध्ये."

बायको हसली. त्याला लोणी लावून दोन तुकडे दिले, त्याने चार खाल्ले. (शेरा: कोटेशन देणाऱ्याने घरात खाल्ले. हितसंबंधाचा प्रश्न उद्भवतो.)

तो गेल्यावर हात पुसत ती बाहेर आली आणि म्हणाली, "लावूया का हो? मला बरं वाटेल. ओव्हन लावताना हल्ली छातीत धस्स होतं."

मी म्हटलं, "अजून दोन कोटेशनं यायचीत."

धस्स कशाने होतं ते विचारायचं राहिलं. बहुधा ॲसिडिटी असावी.

२४ मार्च, सोमवार

गच्चीच्या सावल्यांचा नकाशा पूर्ण. आठ दिवस तासातासाला खडूने सावल्या आखल्या. टाकीची सावली कळली, कठड्याची कळली. पण एक गोल सावली दर वेळी वेगळ्या जागी पडते, तिचं मूळ काही सापडेना. शेजारच्या इमारतीवर संशय होता. तसं पत्रही लिहायला घेतलं.

बायको कपडे वाळत घालायला वर आली, नकाशाकडे बघून म्हणाली, "ती तुमची टोपी आहे."

पत्र फाडलं.

१ एप्रिल, मंगळवार

दुसरं कोटेशन आलं. हा माणूस गच्चीवर चढलाच नाही. फोनवरच म्हणाला, "फोटो पाठवा, भाव पाठवतो." एक लाख पासष्ट हजार. याचं नाव बिनजिन्याचा.

दोन्हींचा तुलनात्मक तक्ता केला, अठरा मुद्द्यांचा. तिसरा रकाना रिकामा सोडला. शिवाय सवयीप्रमाणे वर टिपणी लिहिली, खाली 'मान्यतेस्तव सादर' असं लिहून सही केली आणि कागद बायकोच्या पिठाच्या डब्यावर ठेवला. संध्याकाळी तो परत माझ्या टेबलावर आला. खाली तिच्या अक्षरात एकच शब्द: 'पाहिले.'

एकतीस वर्षं मी हा शब्द वरिष्ठांकडून झेलला. पाहिले म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. उद्या काही बिनसलं तर मी फक्त पाहिलं होतं. ही बाई ऑफिसात असती तर माझी साहेब झाली असती.

मी विचारलं, "पाहिले म्हणजे काय समजायचं?"

ती म्हणाली, "यात अठरा मुद्दे आहेत. तुमचं मत कुठे आहे?"

"मत नसतं. तक्ता असतो."

"मग तक्त्यालाच विचारा," म्हणून ती आत गेली.

५ एप्रिल, शनिवार

बिल आलं. तीनशे चाळीस! पन्नास युनिट कमी, तेही एक दमडी खर्च न करता. मात्र यामुळे पॅनेलचे पैसे वसूल व्हायला आता पाच वर्षं दहा महिने लागतील. नवा प्रश्न उभा राहिला.

टायवाल्याचा फोन आला. त्याच्या कोटेशनची पंधरा दिवसांची मुदत संपली. मी सांगितलं, तिसरं आल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तिसरं मीच आणून देऊ का? मित्राचं लेटरहेड आहे. जरा जास्तीचा भाव टाकतो, तुमचा तक्ता पूर्ण."

मला संताप आला. नोकरीत असे कागद मी फाइलींना शेकड्यांनी टोचले, तेव्हा कधी संताप आला नव्हता. पण घर म्हणजे काय ऑफिस आहे? फोन ठेवला आणि मीटर बघायला गेलो.

१२ एप्रिल, शनिवार

भाजत असताना बायको ओव्हनचं दार उघडते. आज दोनदा उघडलं. सांगितलं.

"रंग बघावा लागतो," ती म्हणाली.

"काचेतून बघ की."

"आठ वर्षांत काच काळी झालीये."

"मग पुसून घे."

दुपारभर ती काच घासत बसली. जेवताना म्हणाली, आता बन करणार नाही, त्यासाठी ओव्हन पुन्हा लावावा लागतो. मी तिला शाबासकी दिली. कर्मचाऱ्याने स्वतःहून काटकसर सुचवली की कौतुक करावं, त्याने हुरूप येतो. तिला हुरूप आलेला दिसला नाही, पण तो आत असेल.

४ मे, रविवार

दोनशे चाळीस! बिलाचा कागद मी दोनदा वाचला. बायकोने संध्याकाळचं भाजणं बंद केलंय, आता फक्त सकाळी एक खेप. मीटर इतका सावकाश फिरतो की बघता बघता डुलकी लागते.

नवा हिशोब: आठ वर्षं तीन महिने. पॅनेल परवडत नाहीत, असा कल स्पष्ट होतो आहे. तिसरं कोटेशन अजून आलं नाही, पण आता ते आलं काय नि न आलं काय.

रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. माझ्याशी बोलताना म्हणाली, "बाबा, आई हल्ली पिठाबद्दल बोलत नाही. आधी अर्धा तास मला पिठाच्या गोष्टी ऐकवायची. आता नुसतं विचारते, जेवलीस का."

मी समजावलं, "अगं, मी आता दिवसभर घरी असतो. तिला सोबत मिळाली. फोनवर मन मोकळं करायची गरज उरली नाही."

पलीकडून फोन कट झाला. लाइन खराब असावी.

२० मे, मंगळवार

फाटकाशी कंपाउंडरकाका भेटले. पलीकडच्या घरात राहतात, दवाखान्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली. डॉक्टरने मीठ बंद केलंय, म्हणून बायको त्यांच्यासाठी बिनमिठाचा वेगळा ब्रेड करते. बाजारात तो मिळत नाही.

"वहिनी म्हणाल्या, आता फक्त सोमवार-गुरुवार," ते म्हणाले. "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"ठणठणीत," मी म्हटलं. "आम्ही विजेचा वापर नियंत्रणात आणलाय. अडीच महिन्यांत जवळजवळ निम्म्यावर!"

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "तुम्ही घरी आल्यापासून ना?"

"हो!" मी म्हटलं. म्हाताऱ्याला लगेच कळलं. काही लोकांना न सांगता श्रेय देता येतं.

परत आलो तर बायको मागच्या पायरीवर बसली होती. हल्ली दुपारी ती तिथेच असते, हात मांडीवर ठेवून. इतकी वर्षं राबली, विश्रांती मिळतेय ते चांगलंच. मी शेजारी बसून तिला कंपाउंडरकाकांनी केलेलं कौतुक सांगितलं. ती उठून आत गेली.

३ जून, मंगळवार

दीडशे.

माझ्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम आकडा. पॅनेलचे पैसे वसूल व्हायला आता तेरा वर्षं दोन महिने. तोवर मी एकाहत्तरचा होईन आणि मला जिन्याखाली वाकता येईल की नाही, सांगता येत नाही. निष्कर्ष उघड आहे. तीन पानी अंतिम टिपणी लिहिली: सौर पॅनेलचा प्रस्ताव किफायतशीर नसल्याने नामंजूर करण्याची शिफारस. स्वतःची पाठ थोपटली, हात पोचला तिथवर.

टिपणी मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओव्हन विकलाय मी."

"काय?"

"मुलींच्या वसतिगृहाची खाणावळ चालवतात ना त्या बाई, त्यांना. शनिवारी चौदा तारखेला टेम्पो घेऊन येतील. आता तुमचं बिल शंभराच्याही खाली येईल."

माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? मी विचारलं, "किती जणांकडून भाव मागवलेस?"

ती उठली. दिवा बंद केला आणि आत गेली. तेही माझ्याच सांगण्यावरून, खोलीतून निघताना दिवा बंद करायचा.

५ जून, गुरुवार

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

मुलीला फोन केला. वाटलं, ती तरी आईला समजावेल. चांगलं चाललेलं काम कुणी असं टाकतं का? ओव्हनही मातीमोल गेला असणार. ती म्हणाली, "बाबा, तुमचं ते रजिस्टर आणा. वाचून दाखवा."

मी आनंदाने आणलं. आजवर कुणीच ते ऐकायला मागितलं नव्हतं. तारीख, वेळ, आकडा असं सुरू केलं, तर म्हणाली, "आकडे नकोत. फक्त शेरा वाचा."

वाचू लागलो. ओव्हन लवकर लावला, सांगितले. दार दोनदा उघडले, सांगितले. भाजून झाल्यावर ओव्हन चार मिनिटे चालू राहिला, सांगितले. खोलीतला पंखा विनाकारण चालू, सांगितले. (बायको म्हणते उकडते.) दार एकदा उघडले, सांगितले. ओव्हन लावण्यापूर्वी मला विचारले, चांगली सवय. ओव्हन लावू का असे विचारले, नको म्हटले, दुपारी लाव. दुपारी लावला नाही. ओव्हन लावला नाही. ओव्हन लावला नाही. ओव्हन लावला नाही.

मेच्या मध्यावर पोचलो आणि रजिस्टर मिटलं. मी म्हटलं, पाणी पिऊन येतो. मुलगी म्हणाली, "राहू दे बाबा. पुढचं मला माहीत आहे."

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फायलींत चुका शोधल्या. शेऱ्यात काय दडलंय ते एका नजरेत ओळखायचो, लोक मला टरकून असायचे. आणि हे रजिस्टर मी रोज लिहिलं, रोज वाचलं, आकडा खाली गेला की टाळ्या पिटल्या. माझ्या बायकोची भाकरी... नाही, तिचा ब्रेड मी तासातासाने, युनिटायुनिटाने बंद पाडला आणि वर तिला शाबासकी दिली. मला गाढव म्हटलं तर गाढव दुखावेल.

८ जून, रविवार

तिला म्हटलं, "चुकलं माझं. आपण पॅनेल लावू. उद्याच फोन करतो. मग कितीही वेळ ओव्हन लाव, दार सताड उघडं ठेव."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पॅनेल लावले की दोन मीटर येतात. टायवाल्याने मला सांगितलंय. एक किती बनली त्याचा, एक किती वापरली त्याचा."

"हो. मग?"

"मग तुम्ही दोन मीटर बघाल."

मी समोर बसून तिच्याबरोबर भाजी निवडू लागलो.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बिलाचं मला काही नाही हो. बिल मी आठ वर्षं भरलंच ना, ब्रेडच्या पैशातून. पण तेव्हा ओव्हन लावला की मला फक्त पीठ दिसायचं. आता ओव्हन लावला की जिन्याखाली तुमची चप्पल वाजते."

बिल ब्रेडच्या पैशातून जायचं, हे मला आज कळलं. घराचं सगळं बिल. मी ज्याला छंद म्हणायचो, त्या छंदाच्या उजेडात मी पेपर वाचायचो.

१४ जून, शनिवार

टेम्पो साडेदहाला आला. खाणावळीच्या बाई, एक ड्रायव्हर आणि दोन हमाल. ओव्हनची वायर आधीच काढून गुंडाळून ठेवली होती. मागच्या खोलीत बायको भिंतीला टेकून उभी होती आणि ओव्हन सोडून बाकी सगळीकडे बघत होती.

हमालांनी ओव्हन उचलून अंगणात आणला. मी मध्ये गेलो. रात्री जागून काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

बायको म्हणाली, "तुम्हाला तो ठेवायचाय का? एकदा तरी सरळ बोला."

"हो. ठेव."

"का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. डोक्यात जे एकच उरलं होतं ते मी बोललो. म्हणालो, "ओव्हन राहिला तर महिन्याचा वापर परत तीनशे नव्वदवर जाईल, आणि पॅनेलचे पैसे तेराऐवजी पाच वर्षांत वसूल होतील."

बायकोने डोळे मिटले. मग हमालांना म्हणाली, "उचला."

तेव्हा मी ओव्हनवर बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीची पँट, भर अंगणात ओव्हनवर. हमालांनी एकमेकांकडे बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, "काकांसकट न्यायचाय का?" कंपाउंडरकाका त्यांच्या फाटकातून बघत होते.

"उठा," बायको म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. घराला वास येत नाही."

"कसला वास?"

"ब्रेडचा. कितीतरी दिवस घराला कसलाच वास येत नाही. मी सकाळी उठतो तर परक्याच्या घरी उठल्यासारखं वाटतं. ऑफिसातून यायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी वास यायचा आणि मला कळायचं, तू घरात आहेस. आता तू समोर बसलेली असतेस तरी कळत नाही." ओव्हनवर बसून रडू येणं बरं दिसत नाही, म्हणून मी खाली मान घालून पायातले बूट बघत राहिलो.

मग खाणावळीच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुमचं काय ते ठरवा. टेम्पो तासावर आहे."

बायको आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्या बाईंनी दिलेली आगाऊ रक्कम होती. ती त्यांना परत करून म्हणाली, "तुम्हाला फुकट हेलपाटा पडला. महिनाभर रोज चार ब्रेड पाठवते, पैसे नकोत." टेम्पोचे पैसे मी दिले. पावती मागितली नाही.

ओव्हन आत नेताना हमाल म्हणाले, "काका, आता उतरा."

२ जुलै, बुधवार

बायकोने अटी घातल्या. तोंडी, मुद्दे तीनच. दहा ते बारा आणि तीन ते पाच मी जिन्याखाली किंवा मागच्या खोलीत दिसायचं नाही. ब्रेड घरोघर पोचवायचे मी. आणि पॅनेल लावायचे की नाही ते ती ठरवणार.

ठरवायला तिला एक दुपार लागली. टायवाल्याला बोलावलं. कोटेशन पुन्हा नवीन, आता दोन लाख पाच हजार. माझ्या अठरा मुद्द्यांच्या तक्त्यामुळे पंधरा हजारांचा भुर्दंड पडला, हे मी कुणी न विचारताच कबूल केलं. बिनजिन्याचा अजूनही स्वस्तच होता. मी हे हळूच सुचवलं.

"तो गच्चीवर चढला नव्हता," ती म्हणाली. "आणि याने मला विचारलं होतं, ओव्हन कधी लावता. तुम्हा दोघांपैकी कुणी विचारलं होतं का?"

कागदांवर सही तिने केली. घर दोघांच्या नावावर आहे, हेही माझ्या ध्यानातून गेलं होतं. सही करायला तिला चार सेकंद लागले. मला ते चार सेकंद बघवले नाहीत, मी गच्चीवर जाऊन आलो.

१९ जुलै, शनिवार

ब्रेड पोचवण्याची नोकरी कडक आहे. साहेब कडक आहेत. आज एक ब्रेड शिकवणीवाल्या बाईंऐवजी दंतवैद्याकडे गेला आणि बोलणी खावी लागली. कंपाउंडरकाकांनी त्यांचा बिनमिठाचा ब्रेड हातात घेऊन नाकाशी धरला आणि मला म्हणाले, "बसा." मी बसलो.

त्यांच्याकडे बसून कळलं, त्यांची बायको गेली तेव्हा त्यांनी जेवण सोडलं होतं. माझी बायको रोज फाटकावर ब्रेड ठेवून यायची. सात दिवस त्यांनी तो उचलला नाही, आठव्या दिवशी उचलला. हे पाच वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा ऑफिसात पंख्यांच्या खरेदीचा तक्ता करत असणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पॅनेल लागून आठवडा झाला. सहा काळ्या फळ्या, आमच्या गच्चीवर पसरून बसल्यात. मीटर दोन आहेत, त्यांच्या पेटीला कुलूप आहे, किल्ली बायकोकडे. किती वीज बनते ते दाखवणारं ॲप तिच्या फोनवर आहे. मला पासवर्ड दिलेला नाही, मी मागितलाही नाही. मागावासा मात्र वाटतो, दिवसातून साधारण आठ वेळा.

पॅनेल परवडले की नाही? मला माहीत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. बरं वाटत नाहीये, पण सवय होईल.

आज सकाळी जुनं रजिस्टर रद्दीत द्यायला काढलं. देण्याआधी शेऱ्याचा रकाना शेवटचा तपासला. तीन महिन्यांच्या नोंदी. ओव्हनबद्दल आहे, दाराबद्दल आहे, पंख्याबद्दल आहे. ब्रेड कसा झाला, याबद्दल एक अक्षर नाही. मग आठ वर्षं मागे जाऊन आठवून बघितलं. रोज सकाळी खाल्ला, कधीकधी तीन तुकडे. चांगला झालाय, असं एकदाही म्हटल्याचं आठवलं नाही. सगळं सांगितलं, एवढंच सांगायचं राहिलं.

साडेदहा वाजले होते, म्हणजे मला बंदी होती. तरी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती पीठ मळत होती, कोपरापर्यंत पांढरी. आठ वर्षांत मी तिला हे करताना नीट पाहिलंच नव्हतं. पीठ उचलून ती ओट्यावर आपटत होती, वळवत होती, परत आपटत होती, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. बहुधा पिठाशीच बोलत असावी.

मी म्हटलं, "ब्रेड फार चांगला होतो तुझा."

ती थांबली. "आत्ता कळलं?"

"कळलं होतं केव्हाच. सांगायचं राहिलं होतं."

तिने पुन्हा पिठात हात घातले. मी तिथेच उभा राहिलो. जा म्हणाली असती तर गेलो असतो. ती जा म्हणाली नाही. पिठाचा गोळा तिने दोन भागांत तोडला, एक स्वतःसमोर ठेवला, दुसरा ओट्याच्या रिकाम्या बाजूला सरकवला.

"नुसते उभे काय राहता?" ती म्हणाली. "हात धुऊन या."